कंटेनरमधल्या डेटाबेसचा बॅकअप: व्हॉल्यूमचा टार पुरत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. भाड्याच्या एका व्हीपीएसवर (आभासी सर्व्हरवर) डॉकर कंपोजने, म्हणजे एका फाइलीवरून अनेक कंटेनर उठवणाऱ्या साधनाने, पोस्टग्रेस हा डेटाबेस चालतोय, शेजारी वर्डप्रेससाठी मारियाडीबी हा दुसरा डेटाबेस आहे. रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून) दोन्ही व्हॉल्यूमचा, म्हणजे कंटेनरबाहेर डेटा जपणाऱ्या जागांचा, टार (सगळ्या फाइली बांधलेली एकच फाइल) निघतो. काल तो टार दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिला, तर पोस्टग्रेस ‘चेकपॉइंटची वैध नोंद सापडत नाही’ म्हणून उठायलाच तयार नाही. मूळ सर्व्हर मात्र ठणठणीत आहे.

मग पुढचं वाचायच्या आधी दोन्ही डेटाबेसचे डंप (डेटाबेसकडूनच काढून घेतलेल्या डेटाच्या प्रती) काढा आणि त्या सर्व्हरच्या बाहेर नेऊन ठेवा. आणि नेटवर कुणी ‘पीजी_रीसेटडब्ल्यूएएल चालवा, लगेच सुरू होईल’ असं सांगितलं असेल, तर ते तूर्तास बाजूला ठेवा. ती कमांड बदलांची नोंदवही कोरी करते. त्याने सर्व्हर उठतो, पण आतला डेटा सुसंगत आहे याची काही खात्री राहत नाही. मूळ डेटाबेस जिवंत असताना त्या वाटेला जायचं कारणच नाही.

टार का फसला? टार फाइली एकामागून एक वाचतो आणि त्याला काही मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात पोस्टग्रेस लिहितच असतं. शेवटचा चेकपॉइंट (तोवरचे बदल डिस्कवर उतरल्याची खूण) कुठे आहे, हे पीजी_कंट्रोल नावाच्या छोट्याशा फाइलीत असतं आणि ती नोंद पीजी_वाल, म्हणजे बदलांची नोंदवही (डब्ल्यूएएल) असलेल्या फोल्डरमधल्या १६ एमबीच्या सेगमेंटांपैकी एकात असते. टारने या दोन गोष्टी वेगवेगळ्या क्षणी उचलल्या की एकीचा दुसरीशी मेळ राहत नाही. तुमच्या लॉगमधली ओळ बहुधा हेच सांगते आहे. खरं तर तुमचं नशीब चांगलं. याहून वाईट टार तो, जो बिनतक्रार उठतो आणि महिन्याभराने एखाद्या टेबलात गडबड दाखवतो.

कंटेनर थांबवून टार घेतला तर चालतो. फक्त लक्षात ठेवा, डॉकर स्टॉप कंटेनरला डीफॉल्ट १० सेकंद देतो आणि मग सरळ मारून टाकतो. बफर पूल (मेमरीत धरलेला डेटा) मोठा असलेल्या मारियाडीबीला तेवढा वेळ कधीकधी पुरत नाही, म्हणून कंपोजमध्ये स्टॉप_ग्रेस_पीरियड वाढवून ठेवा. एलव्हीएम किंवा झेडएफएस या डिस्क सांभाळणाऱ्या व्यवस्थांचा स्नॅपशॉटही चालतो, कारण तो सगळ्या फाइलींचा एकाच क्षणाचा असतो. वीज गेल्यावर डेटाबेस जसा सावरतो, तसाच त्यातूनही सावरतो. पण रोजच्या कामासाठी मी या दोन्हींपेक्षा डंपच सुचवेन.

पोस्टग्रेससाठी पीजी_डंप. तो एमव्हीसीसीचा (नोंदींच्या अनेक आवृत्त्या ठेवण्याच्या पद्धतीचा) एकच स्नॅपशॉट धरून वाचतो. डंपला अर्धा तास लागला तरी आतला डेटा सुरुवातीच्या क्षणाचाच असतो आणि वाचणारे-लिहिणारे कुणी अडत नाहीत. तो होस्टवर (कंटेनर चालवणाऱ्या मशीनवर) बसवू नका, डॉकर एक्झेक या कमांडने कंटेनरच्या आतलाच चालवा. अधिकृत इमेजमध्ये (कंटेनर ज्यावरून उठतो त्या साच्यात) आतून जोडताना पासवर्डही लागत नाही. मुख्य फायदा आवृत्तीचा. सर्व्हरची मुख्य आवृत्ती पीजी_डंपपेक्षा नवी असेल तर तो डंप काढायला चक्क नकार देतो. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या कोड ठेवायच्या सेवेचं जे झालं ते अनेकांना आठवत असेल. मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी चुकून पुसली गेली, मग बॅकअप शोधायला गेले तर एस३ या क्लाउड साठवणीतली बकेट रिकामी. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा होता आणि पीजी_डंप ९.२चा चालत होता. तो रोज फसत होता, आणि फसल्याच्या ईमेलवर डीएमएआरसीची (ईमेल खरी असल्याची खातरजमा करणारी) सही नसल्यामुळे त्या नाकारल्या जात होत्या. शेवटी कुणीतरी सुमारे सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी घेतलेला एलव्हीएम स्नॅपशॉट कामी आला. तिथे मुद्दा कंटेनरचा नव्हता, पण आवृत्तीचा तो घोळ आतला पीजी_डंप वापरला की उद्भवतच नाही.

डंप कस्टम फॉरमॅटमध्ये घ्या. तो आधीच कॉम्प्रेस केलेला असतो आणि पीजी_रिस्टोअरने त्यातलं एखादंच टेबलही काढता येतं. पीजी_डंप एकाच डेटाबेसचा असतो. युजर आणि रोल त्यात येत नाहीत, त्यासाठी पीजी_डंपऑल ‘फक्त ग्लोबल्स’ पर्यायासह वेगळा चालवा.

आता एक्झेकची खोड. बहुतेक जण सवयीने आय (इनपुट चालू ठेवणारा) आणि टी (टर्मिनल जोडणारा) हे दोन्ही पर्याय लावतात. क्रॉनमध्ये टीटीवाय (टर्मिनल) नसतो, त्यामुळे ते तिथे चालत नाही. मग कुणीतरी आय काढतो आणि टी ठेवतो. हे जास्त वाईट, कारण टी लावला की आउटपुट टर्मिनलमधून जातं, ओळीच्या शेवटच्या खुणा बदलतात आणि कस्टम फॉरमॅटची बायनरी फाइल बिघडते. डंप काढताना दोन्हीपैकी काहीच नको, रिस्टोअर करताना फक्त आय. आणि कुणी विंडोजवरच्या जुन्या पॉवरशेलमधून ‘>’ चिन्हाने डंप फाइलीत वळवत असाल तर थांबा. आवृत्ती ५.१ ते सगळं यूटीएफ-१६मध्ये लिहिते. डंप कंटेनरच्या आतच फाइलीत लिहा आणि डॉकर सीपीने बाहेर काढा.

मारियाडीबीकडे जरा जास्त लक्ष द्या. सगळं एकाच क्षणाचं वाचणारा सिंगल-ट्रान्झॅक्शन पर्याय लावल्याशिवाय डंप काढू नका, आणि रूटीन व इव्हेंट (डेटाबेसमध्येच साठवलेले प्रोग्रॅम आणि वेळेवर चालणारी कामं) हवे असतील तर तेही वेगळे मागावे लागतात. हा सिंगल-ट्रान्झॅक्शन पर्याय इनोडीबी प्रकारच्या टेबलांपुरताच कामाचा. जुन्या वर्डप्रेस साइटवर एखाद्या प्लगइनची मायआयसॅम या जुन्या प्रकारची टेबलं राहून गेलेली असतात, ती एकदा शोधून बदलून घ्या. डंप चालू असताना टेबलाची रचना बदलली तर तो बिघडू शकतो, म्हणून प्लगइनच्या आपोआप होणाऱ्या अपडेटची वेळ आणि डंपची वेळ एकच ठेवू नका. पासवर्ड कंटेनरच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये असेल तर आतल्या शेलला द्यायची कमांड एकेरी अवतरणात लिहा. दुहेरीत लिहिलीत तर व्हेरिएबल होस्टवरच उलगडतं आणि रिकामं जातं.

तुम्ही कंपोजमध्ये इमेजला ‘लेटेस्ट’ टॅग लावला आहे, त्याबद्दल बोलायलाच हवं. मारियाडीबीच्या ११ आणि पुढच्या इमेजमध्ये मायएसक्यूएलडंप हे नावच नाही, तिथे मारियाडीबी-डंप आहे. समजा, जुनी स्क्रिप्ट मायएसक्यूएलडंपचं आउटपुट जीझिपकडे (फाइल दाबून लहान करणाऱ्या कमांडकडे) पाइप करते. एके दिवशी इमेज बदलते आणि कमांड सापडत नाही. पण पाइपचा निकाल शेवटच्या कमांडचा धरला जातो आणि जीझिप तर यशस्वी झालेला असतो! रोज रात्री तारखेसह एक छान फाइल तयार होते, फक्त ती २० बाइटची असते, म्हणजे रिकाम्या जीझिपएवढी. स्क्रिप्ट बॅशची ठेवा, वरती पाइपफेल (पाइपमधली कुठलीही कमांड फसली की अपयश कळवणारा पर्याय) लावा, फाइलीचा आकार तपासा. मारियाडीबीचा साधा डंप पूर्ण झाला असेल तर शेवटी ‘डंप कम्प्लीटेड’ अशी ओळ असते, ती आहे का पाहा. पोस्टग्रेसच्या कस्टम फाइलीला ही युक्ती नाही. पीजी_रिस्टोअरने यादी मागून लोक खूश होतात, पण ती यादी फाइलीच्या सुरुवातीला असते. शेपूट तुटलेली फाइलही यादी नीटच दाखवते.

तुमच्या कंपोज फाइलीत आणखी एक शंका वाटली. व्हॉल्यूम नेमकं कुठे माउंट केलंय? पोस्टग्रेसच्या १७पर्यंतच्या इमेजमध्ये डेटाची जागा पोस्टग्रेसक्यूएल फोल्डरच्या आतल्या ‘डेटा’ फोल्डरमध्ये आहे. एक पायरी वर माउंट केलंत तर डॉकर आतल्या फोल्डरसाठी गुपचूप एक निनावी व्हॉल्यूम बनवतो. तुमचं नाव दिलेलं व्हॉल्यूम जवळपास रिकामंच राहतं, आणि तुम्ही टार त्याचा घेत बसता. १८पासून मात्र हीच वरची जागा अधिकृत झाली आहे, त्यामुळे आवृत्ती बदलताना जुनी कंपोज फाइल तशीच वापरू नका. डॉकर इन्स्पेक्टमध्ये माउंट्सचा भाग एकदा वाचा, दोन मिनिटांत कळेल. डॉकर कमिटने इमेज काढून तिला बॅकअप म्हणणाऱ्यांसाठीही सांगतो, व्हॉल्यूममधला डेटा कमिटमध्ये येत नाही.

वर्डप्रेसचे फोटो डेटाबेसमध्ये नसतात, अपलोड्स फोल्डर वेगळा घ्या. कंपोज फाइल आणि एन्व्ह फाइलही. हे सगळं रेस्टिक किंवा बॉर्ग या बॅकअपच्या साधनाने दुसऱ्या ठिकाणी जाऊ दे. त्याच डिस्कवरचा डंप डिस्कबरोबरच जातो. डंप दुसऱ्या व्हॉल्यूममध्ये ठेवला असेल तर ‘कंपोज डाउन’ला व्ही पर्याय लावल्यावर तोही पुसला जाऊ शकतो.

लोक कंटेनरला बॅकअपची अडचण समजतात, पण रिस्टोअर तपासायला याहून सोपी सोय मला माहीत नाही. त्याच टॅगचा नवा कंटेनर रिकाम्या व्हॉल्यूमवर उठवा, पोर्ट बाहेर उघडू नका. आधी रोल, मग डंप चढवा. महत्त्वाच्या दोन-तीन टेबलांतल्या ओळी मोजा, सर्वात ताज्या नोंदीची तारीख पाहा आणि कंटेनर फेकून द्या. हे क्रॉनमध्येच टाकता येतं, आठवड्यातून एकदा. पीएसक्यूएल (पोस्टग्रेसला कमांड देणारा प्रोग्रॅम) डीफॉल्टने चुका ओलांडून पुढे जातो, म्हणून ऑन_एरर_स्टॉप लावा. पीजी_रिस्टोअरलाही पहिल्या चुकीला थांबायला सांगा. पोस्टजीआयएस वगैरे एक्स्टेन्शन असेल तर चाचणीची इमेजही तीच हवी. इनिट स्क्रिप्टा आणि पासवर्डचं व्हेरिएबल डेटा फोल्डर रिकामं असेल तेव्हाच लागू होतात. जुन्या व्हॉल्यूमवर नवा पासवर्ड का चालत नाही, या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तरही तेच.

आकार लहान म्हणून अल्पाइनची इमेज घ्यावी का, असंही तुम्ही विचारलंय. घ्या, पण व्हॉल्यूम तसंच उचलून तिच्यावर लावू नका. डेबियनच्या इमेजमध्ये जीलिबसी ही मूळ सी लायब्ररी आहे, अल्पाइनमध्ये मसल, आणि दोघांचा अक्षरक्रम सारखा नाही. मजकुराचे इंडेक्स एका क्रमाने रचलेले आणि दुसऱ्या क्रमाने वाचले गेले, की टेबलात असलेलं नाव शोधून सापडत नाही. युनिक इंडेक्स असूनही तीच नोंद दोनदा शिरू शकते. तुमच्याकडे सभासदांची नावं देवनागरीत आहेत, तेव्हा हे तुम्हाला लागू आहेच. डंप आणि रिस्टोअर केल्यास इंडेक्स नव्याने बांधले जातात, मग हा प्रश्न राहत नाही.

दोन डंपांच्या मधला डेटा जाणं परवडत नसेल, तरच पीजीबॅकरेस्ट किंवा वॉल-जी या पोस्टग्रेसच्या बॅकअप साधनांकडे वळा. पीजी_बेसबॅकअपसारखी एक मूळ प्रत आणि तिच्यानंतरचे सगळे डब्ल्यूएएल सेगमेंट ठेवले की हव्या त्या क्षणापर्यंत परत जाता येतं. आर्काइव्ह कमांड कंटेनरच्या आत चालते, म्हणजे ते हत्यार घातलेली स्वतःची इमेज बांधणं आलं. ती कमांड फसत राहिली तर पोस्टग्रेस जुने सेगमेंट सोडत नाही आणि पीजी_वाल डिस्क भरेपर्यंत फुगत जातं, म्हणून त्यावर लक्ष ठेवणंही आलं. तुम्ही सांगितलेला डेटाबेस काही जीबींचाच आहे. त्याला दर सहा तासांनी डंप आणि आठवड्याची रिस्टोअर चाचणी पुरेशी आहे.