‘नको, मला जिंकायचं नाही’ असं बटण लिहू का?

प्रश्न: ताई, मी इंदूरचा, घरबसल्या अ‍ॅपचा मजकूर लिहितो. परदेशी बेटिंग अ‍ॅपच्या क्लायंटला बोनस नाकारायच्या बटणावर ‘नको, मला जिंकायचं नाही’ असं हवंय. लिहू का?

उत्तर: अरे नको रे! याला कन्फर्म शेमिंग म्हणतात, म्हणजे ‘नको’ म्हणणाऱ्याला लाजवणं. आपल्याकडच्या २०२३च्या नियमांतल्या १३ डार्क पॅटर्नमध्ये (म्हणजे ग्राहकाला गंडवणाऱ्या अ‍ॅपच्या युक्त्यांमध्ये) ते आहेच, आणि इथल्या लोकांसाठी असेल तर कामच सोड, २०२५च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन गेमच बंद केलेत. ऑस्ट्रेलियात जाहिरातीत ‘बहुतेक तुम्ही हरणारच’ अशा अर्थाची ओळ टाकावी लागते, बघ! तू सरळ ‘बोनस नको’ लिही. आणि ‘फ्री बेट’ (फुकटची पैज) म्हटलंस की अट तिथेच, मोठ्या अक्षरात (सराफ्यातला जिलेबीवालाही भाव आधी सांगतो). क्लायंट कुरकुरेल, कुरकुरू दे.