रिसायकल न होणारा घरचा कचरा डेपोत टाकण्यापेक्षा त्याची वीज का करत नाहीत?

करतात की. पिंपरी-चिंचवडला मोशीत २०२३ पासून १४ मेगावॉटचा प्रकल्प आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांत तर स्पष्ट लिहिलं होतं, किलोमागे १५०० किलोकॅलरी किंवा जास्त उष्णता देणारा, रिसायकल न होणारा कचरा पुरायचाच नाही. वीज करा, नाहीतर सिमेंटच्या भट्टीला जळण म्हणून द्या. घोडं अडतंय ते आपल्या घरात.

फेब्रुवारी २०१८ ला नारेगावच्या लोकांनी डेपोवर जाणाऱ्या गाड्या अडवल्या आणि संभाजीनगरात (तेव्हाचं औरंगाबाद) कचराकोंडी झाली. नारेगावकरांचं काही चुकलं नाही, वर्षानुवर्षं शहराची घाण त्यांनीच सोसली. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी मात्र मागच्या मोकळ्या प्लॉटवर ढीग पेटवायला सुरुवात केली. आईला दमा. दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबून रात्र काढायचो. बोलायला गेलो तर म्हणाले, "विजेच्या प्रकल्पात तरी काय करतात? जाळतातच ना? मग ओला-सुका वेगळं करायची कटकट कशाला?"

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. ते आजवर सलतंय.

एप्रिलात मी घरचा तीन दिवसांचा एकत्र कचरा रद्दीवाल्याच्या काट्यावर तोलला. सव्वापाच किलो. गच्चीवर पसरला: चहाचा चोथा, टरबुजाची सालं, वरण लागलेली वेफर्सची पाकिटं, चिंध्या. चार दिवसांत ऊन खाऊन पार कडकडीत झाला. परत तोलला तर दोन किलोही भरेना! बाकी सगळं पाणी. भट्टीतली उष्णता आधी हे पाणी आटवण्यातच जाते, मग वीज कशातून होणार?

आणि जाळण्या-जाळण्यात फरक असतो. प्रकल्पाच्या भट्टीत धूर किमान दोन सेकंद ८५० अंश सेल्सिअसच्या वर ठेवतात, मग गाळून सोडतात. प्लॉटवर प्लास्टिक नुसतं धुमसतं, त्यातून डायॉक्सिन हे विषारी रसायन सुटतं आणि ते म्हातारी माणसं ओढतात.

म्हणून ओला घरीच जिरवा. दुधाची पिशवी विसळून भंगारात द्या, ती जाळायची वस्तूच नाही. शाम्पूच्या पुड्या, वेफर्सची पाकिटं, चिंध्या वेगळ्या, कोरड्या ठेवून घंटागाडीला द्या. पीव्हीसी, रेक्झिन मात्र त्यात नको, त्यात डायॉक्सिनला कारण होणारं क्लोरीन असतं. राख उरतेच, ती पुरावीच लागते. परभणी-हिंगोलीएवढ्या गावांना स्वतःचा वीजप्रकल्प परवडेल असं मला वाटत नाही. तिथं सुक्याचे गठ्ठे बांधून सिमेंटच्या भट्टीला पाठवणंच बरं.

अध्यक्षकाका, वाचत असाल तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर वर दिलंय. तुमच्या घरची बादली आजही एकत्रच घंटागाडीत पडते. उद्यापासून दोन ठेवा.