मॅमथ, हत्ती आणि 'पूर्वज'

"हत्ती हा मॅमथचा 'वंशज' लिहावं की 'वारस'?" असा प्रश्न आला आहे. दोन्ही नको. हत्ती मॅमथच्या पोटी आलेला नाहीच! तरी दर चार लेखांमागे एकात हे वाक्य असतंच.

वंशज शब्द घोड्याला शोभतो. साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचं त्याचं मूळ कोल्ह्याएवढं, पुढच्या पायांना चार बोटं, मागच्यांना तीन. आजचा घोडा मधल्या एकाच बोटावर धावतो. शेजारच्या दोन बोटांच्या हाडांच्या काड्या नळीला चिकटून अजून दिसतात. हा खरा वंश.

मॅमथचं तसं नाही. डीएनए पाहिला तर आपला आशियाई हत्ती आफ्रिकी हत्तीपेक्षा मॅमथलाच जवळचा. दोघांचा मूळपुरुष एक, म्हणजे हे भाऊभाऊ. लोकरी मॅमथचे कान हातभरही नव्हते, शेपूट आखूड, कातडीखाली चरबीचा जाड थर. हिमोग्लोबिनसुद्धा थंडीत प्राणवायू सहज सोडेल असं. एवढं सगळं थंडीपायी.

आता गंमत. लोक ज्याला सर्रास 'पूर्वज' म्हणतात, तो शब्द 'पूर्वी जन्मलेला' एवढंच सांगतो. त्यात बाप-आजा कुठे आला? अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात 'पूर्वजस्त्वग्रियोऽग्रजः' असं आहे, म्हणजे पूर्वज हा चक्क थोरला भाऊ! 'अनुज'च्या बरोबर उलट. माझं मत असं की मराठीत या शब्दातला भाऊ पितृपंधरवड्याने गिळला; वर्षानुवर्षं पानं वाढून वाढून पूर्वज म्हणजे फक्त मेलेली माणसं उरली. यावर काही पंडित "संस्कृतातला अर्थ मराठीत ओढू नका" म्हणून डोळे वटारतात. हेच लोक ऱ्हस्वदीर्घाचा वाद निघाला की आधी पाणिनीला साक्षीला बोलावतात! हत्ती आणि मॅमथ यांच्यात थोरला कोण यावर मात्र भांडा खुशाल, कारण फांद्या एकदमच फुटल्या. मॅमथ आधी गेला, इतकंच. तेही फार आधी नाही: सायबेरियाच्या उत्तरेकडच्या रँगल बेटावरचे शेवटचे मॅमथ साधारण 4,000 वर्षांपूर्वीपर्यंत होते, गिझाचा मोठा पिरॅमिड तेव्हा बांधून झाला होता. त्यांना सरसकट 'प्रागैतिहासिक' म्हणताना जरा जपून.

राहिला 'वारस'. तो अरबीतून आलेला, इस्टेटीचा शब्द. मॅमथची इस्टेट म्हणजे सुळे, आणि ते रशियातल्या याकुतियात माणसंच उकरून विकतायत.