आधी वही, मग चार लाख

तासगावहून एका आईचं पत्र आलं आहे. त्या लिहितात: "आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. मुलगा सांगलीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, वय 20. शाळेत बुद्धिबळात चमकायचा. आता म्हणतो, वर्षभर ड्रॉप घेतो, गोव्यात पोकरच्या, म्हणजे पैसे लावून पत्त्यांच्या, टूर्नामेंट खेळतो, चार लाख द्या. त्याचे वडील म्हणाले, हा जुगार आहे. तो म्हणाला, मग आपली बाग काय आहे? तेव्हापासून दोघांत अबोला आहे. काय करू?"

ताई, पोराचा टोमणा झोंबला असेल, पण त्यात तथ्य आहे. ऑक्टोबरात छाटणी घेतल्यावर हाताला काय लागणार ते एखाद्या अवकाळीवर ठरतं. पण बाग गेली तरी एकरी खर्च किती झाला, हे त्याचे वडील पैशात सांगू शकतात. माल निर्यातीचा असेल तर कुठलं औषध कधी मारलं याचीही नोंद असते. मुलाला त्याच्या खेळाबद्दल एवढं सांगता येतं का? जुगार की कौशल्य, या वादात घरात कुणीच जिंकणार नाही. त्याच्या खेळाच्या हिशोबाची वही मागा.

पोकरमध्ये कौशल्य आहेच, ते मी नाकारत नाही. हजारो डावांत चांगला खेळाडू कच्च्याला हरवतोच. पण टूर्नामेंटमध्ये तो हिशोब जुळायला फार काळ जावा लागतो. साधारण शंभरातल्या पंधरांना बक्षीस मिळतं, त्यातल्या बहुतेकांना प्रवेश फीच्या दीड-दोन पट. खरा पैसा शेवटच्या टेबलापर्यंत टिकलेल्या मोजक्यांकडे जातो. तुमचा मुलगा चांगला आहे, पाचातल्या एका स्पर्धेत पैसे काढतो, असं धरू. तरी सलग दहा स्पर्धांतून रिकाम्या हाताने परतण्याची शक्यता 11 टक्क्यांच्या आसपास राहते, आणि तीही त्याने खेळात एकही चूक केली नाही तरी.

आता त्याचे चार लाख. समजा प्रवेश फी 10,000, एका फेरीत दोन स्पर्धा, जाणं-येणं-राहणं-जेवण 8,000. म्हणजे चौदा फेऱ्या, अठ्ठावीस स्पर्धा, की पैसे संपले. त्यात पाच-सहा वेळा बक्षीस आलं आणि ते नेहमीसारखं लहान असलं, तर परत येणार लाखभर. बाकी सगळं त्या अठ्ठावीसांत एकदा तरी शेवटचं टेबल गाठण्यावर. म्हणून जाणते खेळाडू निदान शंभर प्रवेश फींइतकं भांडवल घरखर्चापासून वेगळं ठेवा म्हणतात. इथे दहा लाख झाले! शिवाय फीतला साधारण दहावा हिस्सा आयोजकाचा. आपल्याकडे अड्ड्यावर त्याला नाल म्हणतात, तिथे इंग्रजी नाव आहे इतकंच. जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के कर आणि वर सेस. हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत.

सांगलीच्या पोराला हे पटवणं जड जातं, याचं मला नवल वाटत नाही. नूतन बुद्धिबळ मंडळाचं हे गाव. भाऊसाहेब पडसलगीकरांनी इथे पोरं घडवली. भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे इथल्याच. बुद्धिबळात रेटिंग घसरलं तर सगळ्यांना दिसतं. पोकरमध्ये हेंडन मॉबसारख्या संकेतस्थळावर खेळाडूच्या बक्षिसांची बेरीज दिसते, पण त्यासाठी किती फी भरली ते दिसत नाही. 2003 साली क्रिस मनीमेकर नावाच्या अमेरिकन अकाउंटंटने 86 डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून पोकरच्या वर्ल्ड सिरीजचं मुख्य विजेतेपद आणि 25 लाख डॉलर मिळवले. ती गोष्ट त्याने नक्की ऐकली असणार. त्या वर्षी मैदानात 839 जण होते. बाकीच्या 838 जणांच्या गोष्टी कुणी सांगत नाही.

बऱ्याच विजेत्यांच्या बक्षिसात दुसऱ्यांचा वाटा असतो. फी भरणारा पाठीराखा आधी मागचा तोटा वसूल करतो, मगच नफा वाटला जातो. ऊसतोडीच्या उचलीसारखं: फिटेपर्यंत सुटका नाही. दिवसही तसाच जातो. दुपारी बसायचं, पहाटेपर्यंत खेळायचं, दर काही तासांनी दहा-पंधरा मिनिटं सुट्टी. नाहीतर दोन तासांत बाद होऊन लॉजच्या खोलीत भिंतीकडे बघत बसायचं.

कायद्याचं थोडक्यात सांगते. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात कौशल्य की नशीब हा भेद ठेवलेला नाही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. खेळवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद, जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत. म्हणून एक नीट विचारा: परदेशी ॲपवर मित्रांना जोडून तो कमिशन घेतो का? घेत असेल तर आजच थांबवा. आणि गोव्यात कॅसिनोत शिरायला 21 पूर्ण लागतात. म्हणजे ड्रॉप घेऊनही काही महिने तो मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींकडे बघत काठावरच उभा राहणार!

गणित खरंच आवडत असेल तर ॲक्च्युअरीची, म्हणजे विम्यातली जोखीम मोजणाऱ्या तज्ज्ञाची, एसीईटी ही प्रवेश परीक्षा डिग्री करता करता देता येते. विमा कंपन्यांचं सगळं काम शक्यतांच्या हिशोबावर चालतं. त्याला हे सुचवा, पण पोकरच्या बदल्यात म्हणून नको. तो लगेच ओळखेल.

तुमच्या यजमानांना माझा निरोप द्या: अबोला सोडा, आणि औषधांची नोंदवही त्याच्यापुढे ठेवा. मग त्याला गेल्या वर्षभराची त्याची वही मागा: तारीख, फी, बक्षीस, खर्च. वही नसेल तर बँकेचं स्टेटमेंट चालेल. त्यात झटपट कर्ज देणाऱ्या ॲपचे हप्ते दिसले, किंवा तो रात्र-रात्र झोपत नसेल, तर करिअरचा विषय बाजूला ठेवून टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. हप्ते नसतील आणि वही खरी असेल, तर तिघंही ती घेऊन माझ्याकडे या. चार लाखांचं तेव्हा बोलू.