चावी फिरवली आणि दातात फट पडली!

प्रश्न: माझी मुलगी ९ वर्षांची आहे, वरचा जबडा अरुंद म्हणून डॉक्टरांनी टाळूला एक्सपांडर (जबडा रुंद करणारं स्क्रूचं यंत्र) बसवलाय आणि रोज रात्री मी चावी घालून स्क्रू फिरवते. पण दहा-बारा दिवसांतच पुढच्या दोन दातांत मोठी फट पडलीय, सासूबाई म्हणतात पोरीचे चांगले दात बिघडवले. थांबवू का?
– एक आई, सातारा

उत्तर: अहो ताई, मनाने थांबवू नका, ती फट म्हणजे काम होतंय! टाळूचं हाड दोन भागांचं असतं आणि मधला सांधा या वयात अजून पक्का जुळलेला नसतो, स्क्रू त्या दोन भागांना हळूहळू एकमेकांपासून लांब करतो, एका वेळी साधारण पाव मिलिमीटर, आणि मग मधल्या जागेत नवीन हाड भरतं. दात बहुतेक वेळा पुढच्या काही आठवड्यांत आपसूक जवळ येतात, सासूबाईंना सांगा.

चावी मात्र डॉक्टरांनी सांगितली तेवढीच फिरवायची, लवकर उरकावं म्हणून जास्त नाही. फिरवल्यावर नाकाच्या मुळाशी थोडं दाबल्यासारखं वाटतं, ते चालतं. खूप दुखलं किंवा यंत्र हललं तर लगेच दाखवा.

फिरवणं संपलं तरी यंत्र पुढे ३ ते ६ महिने तसंच ठेवतात, नाहीतर जबडा परत आत येतो, इथेच लोक कंटाळतात. आणि हो, चिक्की, च्युइंगगम तोवर बंद, शेंगदाण्याचा तुकडा तिथे अडकला की काढता काढता नाकी नऊ येतात!