संशोधनात पैसे जरूर घाला, पण मुलीला गुंतवू नका

प्रश्न: नागपूरला उमरेड रोडवर आमचं खवा-पनीरचं युनिट आहे. नुसता खवा विकून आता भागत नाही. जास्त दिवस टिकणारी संत्रा बर्फी काढायची आहे, पनीरच्या पाण्याचं पेय करायचं आहे. त्यासाठी 25 लाख बाजूला काढलेत, लॅबसाठी खोलीही बांधली. मुलगी यंदा बारावी पीसीएम झाली, सीईटीला 88 पर्सेंटाइल आहेत. तिनं डेअरी टेक्नॉलॉजी करून संशोधन सांभाळावं अशी आमची इच्छा. मागच्या पावसाळ्यात बर्फीला बुरशी येऊन माल परत येत होता, तेव्हा तिनंच रजिस्टर मांडून कारण काढलं : संध्याकाळी बर्फी कोमट असतानाच डबे बंद होत होते. राखी-गणपतीच्या घाईत ते बदलता आलं नाही, पण तिच्यात गुण आहे हे कळलं. ती मात्र ऐकत नाही. तिला समजवा.
– एक पालक

(ता. क. बाबांनी सांगितलं तसं टाइप केलं आहे. मला बीएस्सी स्टॅटिस्टिक्स करायचं आहे. बाबांना सांगून झालं. पत्रात घालू नको म्हणाले, तरी घालते आहे.)

उत्तर:

भाऊ,

मार्कांचं राहू द्या. तुमच्या पत्रातल्या एका वाक्यानं मला जास्त काळजी वाटली : ‘घाईत ते बदलता आलं नाही.’ मुलीनं परतीचा एकेक डबा रजिस्टरमध्ये शोधला, कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळी भरला ते जुळवलं, आणि नेमकं कारण तुमच्या हातात दिलं. कोमट बर्फीचा डबा बंद केला की वाफ झाकणाला धरते, ते पाणी पुन्हा बर्फीवर उतरतं आणि पावसाळी हवेत दोन-चार दिवसांत बुरशी दिसते. उपाय काय होता? ट्रे रात्रभर गार होऊ द्यायचे आणि डबे सकाळी भरायचे. तुम्ही तिचं कौतुक केलंत, चार लोकांना सांगितलंही असेल. पण डबे संध्याकाळीच भरत राहिलात. आता हीच मुलगी सांगते की मला दुसरं शिकायचं आहे, तेव्हा ते पत्रातूनही गाळायला सांगता. म्हणजे तिची हुशारी तुम्हाला हवी आहे, पण तिचं म्हणणं नको आहे. अठराव्या वर्षी हे पोरीला फार लागतं. ती बोलत नसेल, तरी लागतं.

दुसरं, पैशाचं. लहान युनिटवाल्यानं संशोधनासाठी पैसा काढणं ही फार मोठी गोष्ट आहे, त्याबद्दल मनापासून शाबासकी. आपला देश जीडीपीच्या एक टक्काही संशोधनावर घालत नाही, आणि त्यातलाही मोठा वाटा सरकारी असतो. पण एक गैरसमज काढून टाका. खोली बांधली, मशीन आणलं आणि घरातलं डिग्रीवालं माणूस बसवलं की चार वर्षांनी नवीन माल बाहेर पडतो, असं होत नाही. तुमची संत्रा बर्फीच घ्या. संत्र्याचा रस आंबट, त्याचा पीएच (आंबटपणाचं माप, जितकं कमी तितकं आंबट) साधारण साडेतीनच्या आसपास. दुधातलं केसीन नावाचं प्रोटीन पीएच 4.6 ला फाटतं. म्हणून रस किंवा गर कधी घालायचा, खवा किती आटल्यावर घालायचा, साखर आधी की नंतर, हे प्रत्येक वेळी करून बघावं लागतं. मग ओलावा किती ठेवायचा? जास्त ठेवला तर बुरशी, कमी ठेवला तर बर्फी कोरडी होऊन भुरभुरते. आणि नागपुरातच मेची 45 डिग्री वेगळी आणि जुलैची दमट हवा वेगळी, म्हणजे सगळे ऋतू फिरून येईपर्यंत ‘टिकते’ असं म्हणता येत नाही. प्रत्येक घाण्यातले दोन डबे बाजूला ठेवायचे, त्यांवर तारीख टाकायची, ठरलेल्या दिवशी उघडायचे, लिहायचं. बहुतेक घाणे फुकट जातात. तो खर्च सोसायचा आणि रजिस्टर सांगेल तसं काम बदलायचं, ही तयारी मालकाची लागते. ती तुम्हाला शिकायची आहे, मुलीला नाही.

आणंदला अमूलच्या डेअरीत 1955 मध्ये म्हशीच्या दुधाची पावडर झाली. त्याआधी परदेशी तज्ज्ञ सांगत होते की हे होणारच नाही, म्हशीच्या दुधात फॅट फार. तिथले डेअरी तज्ज्ञ एच. एम. दलाया यांनी ते करून दाखवलं. तिथं दोन गोष्टी जुळल्या होत्या : त्या कामाचं वेड असलेला माणूस, आणि त्याच्या प्रयोगावर विश्वास टाकून खर्च करणारी संस्था. तुमच्याकडे वेड असलेला माणूस अजून आलेला नाही. तो घरातच असला पाहिजे, असा हट्ट का?

डेअरी टेक्नॉलॉजीचा मार्ग सरळ आहे : पीसीएम, सीईटी, आणि पुसदजवळचं वरुड किंवा उदगीर, दोन्ही महाविद्यालयं तुमच्याच शहरातल्या पशुवैद्यकीय विद्यापीठाची. पण तिथं मुलीला पाठवण्याऐवजी तिथून शिकून बाहेर पडलेलं एक पोरगं किंवा पोरगी नोकरीला ठेवा. नीट पगार द्या. पीएच मीटर, ओलावा मोजायचं यंत्र, इनक्युबेटर, फॅटची गर्बर चाचणी एवढ्यावर सुरुवात होते. बाकी तपासण्या मान्यताप्राप्त लॅबकडून करून घ्या. लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था अमरावती रोडवर आहे, संत्र्याबद्दल तिथं जाऊन विचारा. पनीरच्या पाण्याचं मात्र खरंच मनावर घ्या. शंभर लिटर म्हशीच्या दुधाचं साधारण 20 किलो पनीर होतं, आणि उरलेलं 75 लिटरच्या वर पाणी बहुतेक युनिटं नालीत सोडतात. दुधातली जवळजवळ सगळी साखर आणि थोडं उत्तम प्रोटीन त्यात असतं. नालीत गेलं की तेच पाणी भयंकर प्रदूषण करतं. पेय जमेपर्यंत निदान ते नालीत जाणार नाही एवढी सोय आधी करा, नीरी ही पर्यावरणाची राष्ट्रीय संशोधन संस्था याच शहरात आहे, तिथं विचारा.

आता बेटा, तुझ्याशी. तू जे रजिस्टर मांडलंस ते स्टॅटिस्टिक्सच आहे, आणि तुझ्या वडिलांना त्यात डेअरी दिसली, एवढाच घोळ आहे. विल्यम गॉसेट नावाचा माणूस गिनेसच्या बिअर कारखान्यात काम करत होता. थोड्याशा नमुन्यांवरून खात्रीनं किती बोलता येईल, हा त्याचा रोजचा प्रश्न होता. त्यातून 1908 मध्ये निघालेली टी-टेस्ट तुला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला भेटेल. आपल्या साताऱ्याकडचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे याच विषयातून शेती आणि आहाराच्या प्रश्नांपर्यंत पोहोचले. बीएस्सी नागपुरात होते. गणित पक्कं कर, कॉम्प्युटरवर आर किंवा पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिक, आणि तिसऱ्या वर्षी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या एम. स्टॅट.ची (स्टॅटिस्टिक्समधल्या मास्टर्सची) प्रवेश परीक्षा दे. परीक्षा अवघड आहे, पहिल्या वर्षापासून तयारी लागेल. युनिटचं रजिस्टर बघायचं की नाही, हे तुझ्या मर्जीवर. बघितलंस तर वडिलांकडून त्याचे पैसे घे.

भाऊ, तिचा बीएस्सीचा प्रवेश आधी होऊ द्या, डेअरीवाल्या माणसासाठी नोकरीची जाहिरात त्यानंतर काढा. आणि राखीची ऑर्डर सुरू व्हायच्या आत ट्रे ठेवायला रॅक आणि पंखे बसवून घ्या. 25 लाखांतला पहिला खर्च तोच.