सरत्या वर्षाचे दोन दिवस ताडोबात

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत समुद्रकिनाऱ्यांवरील गर्दी टाळून आम्ही पतीपत्नी, आठ वर्षांची मुलगी आणि सासूसासरे असे पाच जण ताडोबाला जाण्याच्या विचारात आहोत. डिसेंबरात वाघ क्वचितच दिसतो, असे काही जण सांगतात. कोअरमधील, म्हणजे जंगलाच्या गाभ्यातील, सफारीचे आरक्षण मिळाले नाही, तरीही जावे का? आणि ३१ डिसेंबरची रात्र तिथे कशी साजरी करावी?
– एक वाचक, पुणे

उत्तर : जरूर जावे. वाघाविषयी तुम्ही ऐकले ते बऱ्याच अंशी खरे आहे. पावसाळ्यानंतर ओढ्यानाल्यांत अजून पाणी असते, गवत आणि बांबू दाट असतात, त्यामुळे एप्रिल-मेप्रमाणे वाघाला ठरावीक पाणवठ्यावर यावेच लागत नाही. पण हिवाळ्यातले जंगल मुलीला दाखवण्यासारखे असते. सकाळच्या पहिल्या उन्हात दोन बांबूंच्या मध्ये ताणलेले मोठ्या रानकोळ्याचे जाळे दिसले, तर गाइडला जिप्सी थांबवायला सांगा. हातभर रुंदीच्या त्या जाळ्यावर दवाचे थेंब ओळीने लटकलेले असतात, मधोमध काळीपिवळी मादी निश्चल बसलेली असते आणि ऊन तिरपे पडले की धागे सोनेरी दिसतात. इंजिन बंद असेल तर चितळाचा किंवा भेकराचा धोक्याचा इशाराही अशाच वेळी नीट ऐकू येतो.

कोअर मिळाले नाही, तर आगरझरी, देवाडा, जुनोना यांसारख्या बफरमधील, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातील, गेटांचा विचार करावा. वाघ तिथेही फिरतो. कोअर दर मंगळवारी बंद असते, हे तारखा ठरवतानाच पाहावे. मूळ ओळखपत्रे सोबत ठेवावीत. जिप्सी उघडी असल्याने पहाटेचा वारा फार बोचतो, म्हणून सासूसासऱ्यांसाठी कानटोपी आणि जाड ब्लँकेट घ्यावे, आणि धक्के कमी बसावेत म्हणून त्यांना पुढच्या बाकावर बसवावे. मागच्या बाकावरच्या धक्क्यांनी पाठ धरते.

आता ३१ डिसेंबरविषयी. २०२४ साली नेमक्या याच दिवशी उमरेड-करांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सींनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली होती. त्याची दखल उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून घेतली. ते प्रकरण मनातून जात नाही, म्हणून आग्रहाने सांगते : ‘गाडी आणखी पुढे घ्या’ असे चालकाला कधीही म्हणू नका, आणि मुक्कामाचे ठिकाण निवडताना तिथे डीजे लागणार आहे का, हे आधी फोन करून विचारा. लागणार असेल, तर दुसरे ठिकाण शोधा. जंगलाला लागून असलेल्या गावांतली माणसेही रात्री कानोसा घेऊनच वावरतात. डीजेच्या आवाजाचा त्रास त्यांनाही होतो.

इथला हिवाळ्यातला स्वतःचा उत्सव वेगळा आहे. वाघाशी झुंजताना मरण पावलेला गावप्रमुख तारू याला गोंड समाजाने देव मानले. त्याच्याच नावावरून ताडोबा हे नाव पडले, असे सांगतात. तलावाकाठच्या त्याच्या स्थानी पौषात जत्रा भरण्याची परंपरा आहे. मुलीला ही गोष्ट ३१ तारखेला रात्री, जेवणानंतर सांगा आणि लवकर झोपा, कारण १ जानेवारीच्या सकाळची सफारी घेतली असेल, तर उजाडण्यापूर्वीच गेटवर हजर राहावे लागेल.